वाघजाईपासून म्हातारीपर्यंत

कामोठ्याच्या गच्चीवरून खारघरच्या अंगाला जे डोंगर दिसतात, त्यांची नकाशातली नावं राजाबाईंना कधीच ठाऊक नव्हती, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं. त्यांच्या लेखी डावीकडचा पहिला डोंगर म्हणजे वाघजाई. तिला खेटून थोरला भैरू, मग धाकटा भैरू, मग जरा खोलगट जागा सोडून घोडेपाणी, आणि अगदी उजव्या टोकाला, पाठीत वाकलेली, ती म्हातारी. ही पाचही नावं त्यांच्या गावच्या डोंगरांची, तिकडे पाटण तालुक्यातली. ती इथवर आणली होती त्यांच्या नवऱ्याने, शहाजीरावांनी.

शहाजीराव वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. जन्मभर पाठीवर गोणी वाहिल्या. कामोठ्यात स्वतःचं घर झालं त्या संध्याकाळी राजाबाई नव्या खोल्यांमध्ये तोंड फुगवून बसल्या होत्या. इथं वळखीचं कुत्रंसुदिक न्हाय, म्हणत होत्या. शहाजीरावांनी त्यांना गच्चीवर नेलं, बोट केलं आणि म्हणाले, "ती बघ वाघजाई. तुज्या आदी येऊन बसलीया." राजाबाई काही खुळ्या नव्हत्या. वाघजाई एसटीत बसून इकडे येत नसते, एवढं त्यांना कळत होतं. पण हा माणूस एवढं धडधडीत खोटं बोलतोय ते आपल्यासाठी, हेही कळत होतं. म्हणून त्यांनी पदर सावरला, त्या परक्या डोंगराला हात जोडले, आणि तो डोंगर वाघजाई झाला तो झालाच.

फसगत झाली ती पोरीची. उज्वला तेव्हा शाळेत होती. भूगोलाच्या तासाला बाईंनी विचारलं, आपल्या परिसरातले डोंगर कोण सांगेल? उज्वला ताडकन उभी राहिली आणि वाघजाईपासून म्हातारीपर्यंत सगळे डोंगर तिने घडाघडा म्हणून दाखवले. वर्ग हसला. बाई पण हसल्या. घरी येऊन तिने बापाला जाब विचारला, तर शहाजीराव चहा बशीत ओतता ओतता म्हणाले, "बाईंचं डोंगर येगळं असत्याल."

आता उज्वला चाळिशीची झाली होती. तळोज्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती, आणि आठवड्याची सुट्टी गुरुवारी असल्यामुळे सगळ्या जगापासून एक दिवस बाजूला पडली होती. नवरा इंद्रजित कंपनीची बस चालवायचा. शहाजीराव गेल्या फाल्गुनात गेले आणि राजाबाई लेकीकडे आल्या. म्हणजे एक मजला खाली उतरल्या, कारण दोन्ही घरं एकाच बिल्डिंगमध्ये होती. येताना एक गोष्ट मात्र त्या वरच ठेवून आल्या. ती म्हणजे त्यांची नजर.

"मला दिसत न्हाय," त्या म्हणाल्या, आणि भिंतीला हात लावून चालू लागल्या. मोतीबिंदू होता, तो काढला. एका डोळ्याचा काढला, मग दुसऱ्याचा. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं दाखवली, बोटं दाखवली, बॅटरी मारून बघितली. शेवटी उज्वलाला बाजूला घेऊन म्हणाले, "डोळे उत्तम झालेत. आजींना बघायचंच नसेल तर त्याला माझ्याकडे थेंब नाहीत." घरी आल्यावर राजाबाई पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडल्या. त्यांनी तव्याला हात लावला नाही की गच्चीची पायरी चढली नाही. उज्वला समोर जाऊन उभी राहिली तरी त्यांची नजर तिच्यावरून घसरून पलीकडे कुठेतरी जायची. आईला खरंच दिसत नाही, की दिसूनही ती आपल्याकडे बघत नाही? खरंच दिसत नसेल तर इलाज आहे, दुसरा डॉक्टर आहे. पण दुसरी गोष्ट खरी असेल तर? बाप तर गेलाच होता. आई घरात असून गेल्यासारखी झाली होती, आणि उज्वलाला आई परत हवी होती.

फणेरपेटी सापडली ती संक्रांतीच्या आवराआवरीत. राजाबाईंची लग्नाआधीची, लाकडी, झाकणाच्या आतून आरसा लावलेली. आरशाचा पारा कडेने उडाला होता, मध्ये तळहाताएवढा लख्ख राहिला होता. तो हातात घेतल्यावर उज्वलाला आईची जुनी गोष्ट आठवली. राजाबाई पोरवयात शेरडं घेऊन डोंगरावर जायच्या. वर पोचल्या की ह्याच आरशाने खाली घरावर उजेड पाडायच्या, म्हणजे मी नीट पोचले. आणि उन्हं कलली की त्यांची आई अंगणात घासलेली परात उन्हात धरून हलवायची, म्हणजे तवा चढवतेय, आता खाली ये. हाक पोचत नाही तिथे उजेड पोचतो, असं राजाबाई सांगायच्या. लहानपणी त्यांनी उज्वलालाही शिकवलं होतं: एक हात लांब कर, दोन बोटांच्या बेचक्यात घर धर, आरशाचा उजेड त्या बोटांवर आण, आणि मग आरसा हलव. गच्चीवरून समोरच्या बिल्डिंगमधल्या लोकांच्या डोळ्यांत उजेड मारून मायलेकींनी सोसायटीत एक तक्रारही ओढवून घेतली होती.

बुधवारी संध्याकाळी उज्वला आईच्या उशाशी बसली. "आई, उद्या मी डोंगरावर चाललेय. वाघजाईपासून म्हातारीपर्यंत, सगळे. प्रत्येकावरून आरसा दाखवणार. तू गच्चीवर बसायचंस."

"मला काय दिसतंय, बया?"

"नको दिसू दे. नुसती बस."

राजाबाईंनी भिंतीकडे कूस वळवली. इंद्रजित मात्र बोलला. "एकटी? डोक्यावर पडलीयेस काय? मी रजा टाकतो, आपण गाडीने जाऊ वरपर्यंत."

"गाडीने गेलं तर चढलं कुठे?" उज्वला म्हणाली. हे ऐकून इंद्रजितने कपाळाला हात लावला आणि चुपचाप तिच्या पिशवीत बिस्किटांचे पुडे भरले. समोरच्या घरातल्या सुचित्राताईंनी राजाबाईंना गच्चीवर न्यायचं, खुर्चीत बसवायचं, वेळेवर जेवायला घालायचं कबूल केलं. सुचित्राताई रत्नागिरीच्या, रिटायर्ड, आणि मनाने इतक्या मऊ की समोरच्याला बरं वाटावं म्हणून वाट्टेल ते खोटं बोलतील. म्हणून उज्वलाने त्यांना बजावून ठेवलं, की मला फोन करून 'दिसलं हो त्यांना' वगैरे काही सांगायचं नाही. पाण्याच्या टाकीवर तिने पिवळी ताडपत्री बांधली, लांबून बिल्डिंग ओळखू यावी म्हणून.

सकाळी रिक्षाने तिला शेवटच्या सेक्टरच्या शेवटच्या कोपऱ्यावर सोडलं. तिथे शहर संपतं, म्हणजे अगदी सुरीने कापल्यासारखं संपतं. अलीकडे जिम आणि केकचं दुकान, पलीकडे वाळलं गवत. ती गवतात शिरली. दव होतं. चपलेऐवजी बाहेरगावी शिकायला असलेल्या मुलीचे जुने बूट घातले होते, ते भिजून जड झाले. खालच्या रस्त्याचा आवाज आधी मागे राहिला, मग पातळ झाला, मग कधी थांबला ते तिला कळलंही नाही. कळलं तेव्हा ती थबकली. कानात नुसता आपलाच श्वास, आणि एक बुलबुल.

चढताना तिला एक गंमत जाणवली. जन्मभर ज्या डोंगराकडे बघितलं, त्याच्यावर चढायला लागलं की तो दिसेनासा होतो. नुसती पायाखालची वाट उरते, आणि पुढचा दगड. वाघजाई कुठे आहे? वाघजाई आता कुठेच नव्हती. उज्वलाच वाघजाईत होती. तिला हसू आलं. डोंगरावर एकटं हसताना बाईमाणसाला जी एक मोकळीक वाटते ती कामोठ्याच्या स्वयंपाकघरात मिळत नाही.

माथ्यावर पोचली तेव्हा खाली सगळं दुधाळ होतं. तळोज्याच्या बाजूचं धुरकं आणि सकाळचं धुकं एकमेकांत मिसळून बसलं होतं, आणि त्यातून टॉवरांचे माथे तेवढे वर आले होते. मेट्रोचा डबा त्या दुधातून मुकाट सरकत गेला. लांब, जिथे कामोठं असायला हवं तिथे, धुक्यात एक पिवळा ठिपका होता. किंवा नव्हता. तिने डोळे चोळले. होता. तिने हात लांब केला, दोन बोटांच्या बेचक्यात तो ठिपका धरला, उजेड बोटांवर आणला. बोटं आतून लाल दिसली, लहानपणी दिसायची तशी. तिने आरसा हलवला. "आई, मी पोचले," ती मोठ्याने म्हणाली, आणि आपणच ओशाळली.

थोरल्या भैरूची वाट धारेवरून जात होती. उन्हं वर आली, धुकं विरलं, आणि खालचं शहर एकेक करून उघडं पडलं: तलाव, तुरुंगाची लांब भिंत, गोल्फचं हिरवं मैदान, पनवेलकडे जाणारा रस्ता आणि त्यावरच्या गाड्या. भैरूच्या माथ्यावरून पिवळी ताडपत्री स्पष्ट दिसली. आरसा दाखवून झाल्यावर उज्वलाला राहवलं नाही. आपणच घातलेला नियम मोडून तिने सुचित्राताईंना फोन लावला.

"बसल्यात का गच्चीवर?"

"बसल्यात हो. शाल घातलेय, चहा दिलाय."

"कुठे बघतायत?"

सुचित्राताई घोटाळल्या. मऊ माणसाला नको तो प्रश्न विचारला की असंच होतं. "अगं, त्या... टाकीकडे तोंड करून बसल्यात. मी खुर्ची डोंगराकडे फिरवली होती, पण त्या म्हणाल्या, ऊन लागतं. पण तू काळजी नको करू हां. दुपारी बघतील."

उज्वलाने फोन पिशवीत टाकला. म्हणजे डोंगराकडे पाठ. एवढं करून पाठच. पण निघालेलं माणूस मध्येच परत फिरत नाही, असं तिच्या घरात होतं. बापाने पाठीवर गोणी घेतली की ठिकाणावरच उतरवली. ती पुढे चालू लागली.

इथून पुढे वाटेने तिला चकवलं. घरून डोंगर एका रांगेत, शेजारी शेजारी बसलेले दिसायचे. इथे वर रांग नव्हतीच. धाकटा भैरू मुळी थोरल्याच्या शेजारी नव्हता, तो बराच मागे, एक दरी सोडून पलीकडे होता. जन्मभर त्यांना बापलेकासारखं खेटून बघितलं, आणि ते प्रत्यक्षात एकमेकांपासून एवढे लांब. उतरताना कारवीच्या काटक्या अंगाला लागल्या, गाल ओरखडला. खाली ओढ्याच्या कोरड्या पात्रात एक ठाकरीण गवताचा भारा बांधत बसली होती. वरच्या वाडीतली, उज्वलाच्याच वयाची.

"कुठं चाललीस एकली?" तिने विचारलं.

"धाकट्या भैरूवर," उज्वला बोलून गेली.

"तो कोन?"

उज्वलाने बोट केलं. बाई खो खो हसली. तिचं नाव काशी. डोंगराचं खरं नाव वेगळंच होतं, ते तिने सांगितलंही, पण उज्वलाने ते कानावरून जाऊ दिलं. एवढ्या वर्षांनी आता कशाला? मग सगळी कथा सांगावी लागली. वाघजाई, शहाजीराव, टाकीकडे तोंड करून बसलेली आई. काशीने भाऱ्याला टेकून सगळं ऐकून घेतलं.

"बरा व्हता तुजा बा," ती म्हणाली. "आमच्या डोंगराला त्याच्या गावचा देव दिला. असू दे. डोंगर थोडाच नाय म्हनतोय?" मग तिने फणेरपेटी मागून घेतली, आरशात तोंड पाहिलं, कपाळावरचं कुंकू बोटाने सारखं केलं आणि पेटी परत दिली. "आता हिकडनं जा, ती वाट धर. तुजा भैरू वरच हाय."

धाकट्या भैरूवर ऊन डोक्यावर आलं होतं. शेवरीच्या निष्पर्ण झाडावर लाल फुलं उमलली होती आणि त्यांवर पाखरांचा गोंगाट चालला होता. उज्वलाने आरसा दाखवला. ताडपत्री दिसत होती, तिच्याशेजारी काही हललं की काय ते इतक्या लांबून कळायची सोय नव्हती. नव्या विमानतळावरून उठलेलं एक विमान चमकलं आणि ढगांत गेलं. आपला आरसा त्या विमानातल्या कुणाला तरी दिसला असेल, उज्वलाला वाटलं. सगळ्या जगाला दिसेल, नेमका घरी दिसणार नाही.

घोडेपाण्याला पोचली तेव्हा पाय बोलायला लागले होते. घोडेपाणी म्हणजे माथ्यावरची सपाटी. गावच्या घोडेपाण्यावर खरोखरच पाण्याचं डबकं होतं. इथे, कुणास ठाऊक कसं, पण इथेही होतं. उथळ, हिरवट, त्यात आभाळ पडलेलं. काठाला एक उंबर. उज्वला उंबराखाली बसली. भाकरी नव्हतीच; बिस्किटं खाल्ली, पाणी प्याली. आरसा जरा दमाने दाखवू, असं म्हणत तिने पिशवी उशाला घेतली. वारा गवतावरून हात फिरवत जात होता. तिचा डोळा लागला.

आणि धारेवरून शहाजीराव आले. अंगात मार्केटमधली मळकी बंडी, डोक्याला फडकं, कमरेला गोणी ओढायची आकडी. पाठीवर डोंगर होता. आख्खा, झाडाझुडपांसकट, त्याच्या उतारावर शेरडं चरत होती. पण शहाजीराव वाकलेले नव्हते. पोतं भरलेलं असो की रिकामं, त्यांची चाल एकच असायची, तशाच चालीने ते सपाटीवरून आले. आणखी डोंगर मागे ओळीने ठेवलेले दिसत होते. म्हणजे एकेक करून आणले होते तर, पाटणपासून, पाठीवरून. उज्वलाला वाटलं, बाबा लगेच यायचे नाहीत, रात्रपाळी आहे असं सांगून जायचे, ते हेच काम असणार.

ते तिच्यासमोर थांबले. पाठीवरचा डोंगर न उतरवताच त्यांनी विचारलं, "उजे, हितं ठिवू का? तुज्या आईला हितनं दिसंल का?"

तिला सांगायचं होतं. काय सांगायचं ते माहीत नव्हतं, पण काहीतरी सांगितलं पाहिजे, बाबा ओझं घेऊन उभे आहेत, एवढंच कळत होतं. तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. शहाजीराव वाट बघत उभे राहिले, घाई न करता. शेरडांच्या गळ्यातल्या घंट्या वाजत होत्या.

जाग आली तेव्हा घंट्या खरोखरच वाजत होत्या. वाडीच्या शेळ्या डबक्यावर पाण्याला आल्या होत्या. सावली लांब झाली होती. उज्वला उठून बसली आणि तिला रडू फुटलं. बाप गेला तेव्हा कामात रडायचं राहून गेलं होतं, दहाव्याला पाहुणे, तेराव्याला पाहुणे, मग आईचे डोळे. ते सगळं आता आलं. शेळ्यांनी माना वर करून बघितलं आणि पुन्हा पाण्याला तोंड लावलं. ती पोटभर रडली. मग तिने फणेरपेटी उघडली, आरशात आपलं सुजलेलं तोंड बघितलं, आणि झाकण बंद केलं. कुणासाठी दाखवायचा? टाकीकडे तोंड करून बसलेल्या माणसाला? घोडेपाण्यावरून तिने आरसा दाखवलाच नाही.

म्हातारीवर ती गेली ते केवळ परतीची वाट तिकडून होती म्हणून. खरं सांगायचं तर तेवढंच खरं नव्हतं. माणूस आशा सोडली म्हणतो, आणि तिचा पदर मुठीत ठेवतो. म्हातारीच्या वाकलेल्या पाठीवर उभी राहून उज्वलाने खाली पाहिलं.

सूर्य कलला होता आणि सगळं शहर पेटलं होतं. कामोठं, कळंबोली, खारघर, जिथे जिथे काच होती तिथे तिथे ऊन लागून ती झळकत होती. खिडक्या, बाल्कन्या, गच्चीवरचे सोलरचे पत्रे, रस्त्यावरच्या गाड्या. तिने एक आरसा घेऊन दिवसभर शहराला हाका मारल्या, आणि आता शहर हजार आरशांनी तिला ओ देत होतं. तिचं भान हरपलं. आपण इथे का आलो, कुणासाठी आलो, काही वेळ तिला आठवेना. नुसतं पाहत राहावं असं ते होतं. फक्त त्यात आपलं घर कुठलं ते ओळखू येत नव्हतं. पिवळी ताडपत्री त्या झगमगाटात बुडून गेली होती.

तिने अंदाजाने हात लांब केला, बोटांत दिशा धरली, आरसा हलवला. मग आरसा खाली घेऊन बघत राहिली. त्या सगळ्या उजेडात, जिथे कामोठं असावं तिथे, एक उजेड स्थिर नव्हता. तो हलत होता. जात होता, येत होता. कुणीतरी बाल्कनीचं दार उघडझाप करत असेल. वाऱ्याने खिडकी हलत असेल. बस झालं, उज्वला स्वतःला म्हणाली, एवढं खुळं होऊ नये. तरी ती तिथून हलेना. तो उजेड थांबायचा, आणि पुन्हा हलायचा. सूर्य खाडीकडे उतरला, एकेक काच विझत गेली, तोही विझला. मग ती उतरायला लागली.

बिल्डिंगच्या जिन्यात दिवे लागले होते. पाय एकेक पायरी मोजून घेत होते. दारावर सुचित्राताई भेटतील, 'दिसलं हो त्यांना' म्हणतील, त्याला हसून हो म्हणायचं, एवढी तयारी तिने जिन्यातच करून ठेवली. पण सुचित्राताईंचं दार बंद होतं. आपल्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं, आणि आतून थापण्याचा आवाज येत होता. थप, थप, थप. हातावर नाही, परातीत. भाकरी करपल्याचा वास जिन्यापर्यंत आला होता.

राजाबाई ओट्यापाशी उभ्या होत्या, दाराकडे पाठ करून.

"परात दावली तवाच निघायचं का न्हाय?" त्या मागे न बघता म्हणाल्या. "माजं हात दुकाय लागलं परात हलवून. बया, ह्या पोरीचं ध्यान कुटं असतंय? पयली भाकर करपली तुज्यापायी."

उज्वला दारातच खाली बसली. बुटांचे बंद सोडू लागली.

"आनि घोडेपान्यावनं का न्हाय दावलंस?"

उज्वलाने मान वर केली. म्हणजे आई पहिल्यापासून बघत होती. वाघजाई, थोरला, धाकटा, सगळे मोजले होते तिने, तिच्या हिशेबात एक डोंगर कमी पडला होता.

"तू तर टाकीकडे तोंड करून बसली होतीस," ती कशीबशी म्हणाली.

"ती सुचित्रा डोक्यावर हुबी हुती. तिच्यासमोर कशाला बघू? ती खाली गेली का बघायची मी. म्हनली असती, दिसतंय हो दिसतंय, आनि साऱ्या बिल्डिंगला सांगत फिरली असती." भाकरी तव्यावर पडली. राजाबाईंनी तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला. "घोडेपान्यावनं काय झालं? दुपारपास्नं जीव टांगणीला लागला माजा. पडलीस का काय, म्हनलं."

"डोळा लागला, आई. उंबराखाली." मग तिला वाटलं, सांगून टाकावं. "बाबा आले होते."

राजाबाईंचा हात थांबला. तव्यावर भाकरीला पापुद्रा धरत होता.

"काय म्हनत हुते?"

"पाठीवर डोंगर होता. मला विचारलं, हितं ठिवू का, तुज्या आईला हितनं दिसंल का."

"मंग तू काय म्हनलीस?"

"मला बोलताच आलं नाही. तसेच उभे राहिले ते, ओझं घेऊन."

राजाबाई वळल्या. त्यांनी लेकीकडे पाहिलं. गालावरचा ओरखडा पाहिला, केसांत अडकलेली कारवीची काटकी पाहिली, सुजलेले डोळे पाहिले. पुढे होऊन त्यांनी ती काटकी काढली. मग पुन्हा तव्याकडे वळून, पदराने डोळे पुसत, त्यांनी भाकरी उलथली.

"फिरून आले तर सांग त्यास्नी," त्या म्हणाल्या. "दिसतंय म्हनावं. आता ठिवा खाली."